लालबागच्या भुताला आपल्या कारखान्याचा भोंगा



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा, माती परीक्षण असले विषय घेतो. या वेळी विषय सिनेमाचा आहे, आणि तोही भुताच्या. गेल्या गळीत हंगामात रात्रपाळीच्या भोंग्याच्या सुमारास दोन पोरे कानाला यंत्र लावून बॉयलर हाऊसमागे तीन रात्री उभी असलेली पुष्कळांनी पाहिली. “सायेब, ती कोन हुती?” हा प्रश्न आम्हांला अजून विचारला जातो. वॉचमनने तर पहिल्या रात्री त्यांना वजनकाट्यावर आणून बसवले होते. त्यांतला एक आपल्याच एका सभासदांचा धाकटा मुलगा. सभासदांना सगळे गाव आबा म्हणते, आपणही येथे तेवढेच म्हणू. मुलगा दादरला कॉलेजात शिकतो. त्याला आणि त्याच्या मित्रांना एक छोटा भयपट करायचा होता आणि त्यासाठी भोंगा हवा होता. लालबाग-परळला आता गिरणीचा भोंगा मिळत नाही, म्हणून पोरगा तो गावाकडे शोधत आला.

चित्रपट चौदा मिनिटांचा. लालबागच्या चाळीतील एका खोलीत आजोबा, सून आणि आठ वर्षांचा नातू. आजोबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला. पण रोज रात्री ठरल्या वेळेला आजोबांना भोंगा ऐकू येतो. ते उठतात, सदरा चढवतात, रिकामा डबा उचलतात आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरतात. घरात दुसऱ्या कोणाला काही ऐकू येत नाही. एके रात्री तो भोंगा नातवाला ऐकू येतो. तो आजोबांच्या मागोमाग जिना उतरतो. खाली चौकात पाळीवर जाणाऱ्यांची रांग लागलेली, हातांत डबे, सगळे पाठमोरे. मग ते एकेक करून वळतात. त्यांच्या नाकातोंडात कापूस आहे.

मयताच्या नाकात कापूस का घालतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पण या कापसाला दुसराही अर्थ आहे. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात काम करणाऱ्यांच्या छातीत कापसाची धूळ वर्षानुवर्षे जाई, त्यातून बिसिनोसिस नावाचा दम्यासारखा विकार जडे. आबांचे वडील परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसे मात्र गावोगाव परतली. आपल्या कार्यक्षेत्रात असे एखादेही घर नाही असे गाव सापडायचे नाही. आबांचे वडील आले, चार वर्षे खोकले आणि गेले. नातवाने त्यांना पाहिलेले नाही. आजीने सांगितले तेवढे त्याला माहीत.

चित्रीकरणाचे किस्से पुष्कळ आहेत. चाळीत रात्री एक ते चार एवढीच वेळ शांत मिळे, तीही नळाला पाणी येईपर्यंत. दिव्यांसाठी मोबाईलच्या बॅटऱ्यांवर बटर पेपर लावला. रांगेतली बारा माणसे म्हणजे चाळीतलेच रहिवासी. त्यांतले तिघे खरोखरचे जुने गिरणी कामगार. डबा कसा धरायचा हे त्यांनीच बाकीच्यांना शिकवले. एक काळे मांजर घ्यायचे ठरले होते, पण जनावर पडद्यावर आणायचे तर पशु कल्याण मंडळाचा ना-हरकत दाखला लागतो असे कळल्यावर मांजर रद्द झाले. आजोबा बिडी ओढतात, तेथे पडद्यावर खाली आरोग्याचा इशारा द्यावा लागतो. तो दिला आहे.

नातू झालेला मुलगा त्याच चाळीतला. पोरांना वाटले, आईने हो म्हटले की झाले. तसे नाही. चौदा वर्षांखालील मुलाला चित्रपटात घ्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि तीन तासांपेक्षा अधिक सलग नाही. हे एका प्राध्यापकांनी सांगितल्यावर चित्रीकरण थांबले आणि पोरे फोर्टात जुन्या कस्टम हाऊसच्या पायऱ्या चढली. उशीर झाला, पण एक गोष्ट त्यांनी आपणहून चांगली केली. कापूस घातलेली तोंडे त्या मुलाला दाखवलीच नाहीत. तो घाबरून पाहतो आहे असे जे दिसते, तेव्हा समोर त्याची आई हातात पुरणपोळी घेऊन उभी होती आणि ती “मागं सरक, मागं सरक” म्हणत होती. रांग दुसऱ्या रात्री घेतली. दोन्ही तुकडे नंतर जोडले.

भीतीच्या सिनेमाला आपला ऊसही उपयोगी पडतो, हे येथे सांगून टाकतो. विशाल फुरिया यांचा मराठी चित्रपट ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या फडातल्या घरातच घडतो आणि त्यातील भूतबाधेच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या आहे. रात्रीच्या पाळीने पाणी धरायला गेलेल्या माणसाला वाळलेले पाचट वाजल्यावर काय होते ते आपल्याला सिनेमाने शिकवायला नको. बिबट्या खरा असतो, हा फरक.

तर सिनेमा झाला. पुढे अडचण आली ती वयाची.

मुलाला तो कॉलेजच्या बाहेर, गावात आणि आपल्या कारखान्याच्या सभागृहात दाखवायचा आहे. जाहीर प्रदर्शन म्हटले की केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्याचे, प्रमाणपत्र लागते. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईतच, पेडर रोडला. यूट्यूबवर टाकायला हे प्रमाणपत्र लागत नाही, तेथे टाकणाराच वयाची खूण करतो. पण आबांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या यूट्यूब पाहत नाहीत, आणि पोराला नेमके त्यांनाच दाखवायचे आहे.

ही प्रमाणपत्राची भानगड सिनेमाबरोबर जन्मली नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि तो तुकडा दाखवून भांडवल उभे केले. (पीकवाढीचा देशातला पहिला चित्रपट हाच म्हणायचा, कृषी खात्याने त्यांचा फोटो लावायला हरकत नाही.) पुढे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा कोणी कोणाला वय विचारले नाही. कायदा १९१८ चा, मुंबईचे मंडळ १९२० चे. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला आणि दोन शिक्के राहिले: ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांवरील प्रौढांसाठी. १९८३ पासून मधला ‘यूए’ आणि ठरावीक व्यावसायिकांपुरता ‘एस’ असे आणखी दोन आले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+.

कोणता शिक्का हवा ते अर्ज करतानाच सुचवायचे असते. पोरांत तीन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, कापसाचा तुकडा काढून टाकू, ‘७+’ मिळून जाईल. दुसऱ्याचे म्हणणे, अकरा सेकंदांचा तो तुकडा तीन सेकंदांवर आणू आणि ‘१३+’ मागू. आबांचा मुलगा म्हणे, एक सेकंदही काढायचा नाही, मग ‘१६+’ द्या नाहीतर ‘ए’ द्या.

त्याच सुमारास मंत्रालयातील कामासाठी आमचे मुंबईस जाणे झाले. आबाही बरोबर निघाले. लालबागला गावकऱ्यांची जुनी खोली आहे, तेथे उतरलो. ‘ए’ हा शब्द कानावर पडताच आबा उठून बसले. “त्यो मोठ्या मान्सांचा? भित्तीवरच्या पोस्टरातला? गावात तोंड दावायला जागा ठिवतोस का न्हाई?” आबांचे चूक नाही. त्यांच्या उमेदीत तालुक्याला ‘पुराना मंदिर’ (१९८४) सारखे रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे लागत, आणि पोस्टरवर भुतापेक्षा न्हाणीघरच मोठे असे. ‘ए’ म्हणजे वंगाळ, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलेले. ‘तुंबाड’ (२०१८) लाही ‘ए’ च होता आणि सासवडच्या वाड्यात चित्रण झालेला तो सिनेमा लोभाच्या भयंकर परिणामांवर आहे, हे मुलाने सांगून पाहिले. आबांनी ते ऐकले नाही.

आम्ही त्यांना आमच्या भाषेत सांगितले. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा कमी. लाल चौकोन असला म्हणून कंपनी बदमाश ठरत नाही. हातमोजे घाला, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, एवढेच तो सांगतो. आबा म्हणाले, “मग बाटली घरात कशाला आनायची?” त्यावर आम्हांलाही उत्तर सुचले नाही.

खरे तर आम्ही स्वतः तुकडा काढण्याच्या बाजूचे होतो, हे लपवत नाही. सभागृहात बायकामुले येणार. ‘७+’ असला तर सगळे घर येते, हा आमचा हिशोब. मुलाने तेव्हा ख्वाजा अहमद अब्बास यांचे प्रकरण काढले. अब्बास मुंबईतले पत्रकार आणि चित्रपटकार. त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा सोळा मिनिटांचा लघुपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली येथील श्रीमंती आणि ती उभी करणाऱ्या मजुरांची गरिबी त्यात समोरासमोर ठेवली. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही क्षणांची दृश्ये त्यात होती. त्यांनी ‘यू’ मागितला, मंडळ ‘ए’ वर ठाम. अपिलात सरकार म्हणाले, ती दृश्ये कापा आणि ‘यू’ घ्या. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने कापाकापीशिवाय ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. तरी ते मागे फिरले नाहीत. चित्रपट आधी तपासण्याच्या पद्धतीलाच त्यांनी आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वतपासणी आणि वयाप्रमाणे वर्गवारी या दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. म्हणजे अब्बास हरले. पण स्वतंत्र अपिलाची सोय असली पाहिजे हे सरकारला मान्य करावे लागले आणि १९८३ पासून तसे न्यायाधिकरण आले. ते २०२१ मध्ये बंद झाले, आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. चौदा मिनिटांच्या सिनेमासाठी विद्यार्थ्याने उच्च न्यायालयात जावे हे आम्हांला काही पटत नाही.

मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भय दाखवू नये असे म्हटले आहे. चित्रपटाचा एकूण परिणाम पाहून ठरवावे असेही म्हटले आहे. मग कापूस टाळता येण्याजोगा आहे की नाही? खोलीतली पोरे यावर तासभर भांडली. शेवटी आबा म्हणाले, “आदी दावा तर खरं.”

लॅपटॉप ट्रंकेवर ठेवला. भोंगा झाला, तो आपलाच, आम्ही लगेच ओळखला. रांग वळली. आबा काही बोलले नाहीत. परत लाव म्हणाले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर टॉवरकडे बघत बसले. मग म्हणाले, “आमचा म्हातारा असाच दिसायचा शेवटाला. त्यो कापूस काढू नगंस.” आणि थोड्या वेळाने, “पर बारक्या पोरास्नी दावू नगंस. मी सा वर्सांचा व्हतो तवा आईनं मयत दावलं हुतं एक. अजून दिसतं.”

‘१६+’ चा अर्ज गेला आहे. मंडळाचा निर्णय हा मजकूर लिहीपर्यंत आलेला नाही. ‘ए’ आला तरी तुकडा राहील असे मुलाने आबांसमोर कबूल केले आहे आणि आबांनी ते ऐकून घेतले आहे.

प्रमाणपत्र आले की कारखान्याच्या सभागृहात खेळ ठेवू. तारीख गटऑफिसच्या फलकावर लागेल. ‘१६+’ असल्यास दारात कोणी वय विचारणार नाही, कारण ती खूण पालकांच्या माहितीसाठी असते आणि ती पाळण्याचा अधिकार पालकांनाच आहे. तेव्हा लहान मुलांची सोय घरीच करून यावे. ‘ए’ असल्यास अठरा वर्षांखालील कोणालाही आत सोडता येणार नाही, मग तो संचालकांचा नातू का असेना. नामावलीत आपल्या बॉयलर विभागाचे नाव आहे. तेथील मंडळींनी रात्रपाळी असणाऱ्यांसाठी दुपारी दोनला वेगळा खेळ मागितला आहे. तो ठेवण्यात येईल.