सूत्रधारांचे शिक्षण : आफ्रिकी विद्यापीठांच्या डिजिटल वाटचालीचा मागोवा

आफ्रिका खंडातील विद्यापीठांत संगणक आले, उपग्रहाच्या तबकड्या गच्चीवर उभ्या राहिल्या, समुद्रतळातून प्रकाशतंतूंच्या तारा किनाऱ्याला लागल्या, आणि या सर्वांचा हिशेब देशोदेशींच्या अहवालांतून मोठ्या तपशिलाने मांडला गेला. परंतु ज्या कुलगुरूंनी, कुलसचिवांनी आणि अधिष्ठात्यांनी ही सामग्री विद्यापीठाच्या कारभारात मुरवावयाची होती, त्यांच्या शिक्षणाची तजवीज कोणी, केव्हा आणि कशी केली, याची नोंद त्या मानाने फारच त्रोटक आढळते. गेल्या तीसएक वर्षांचा हा इतिहास चाळताना माझे मत असे बनले आहे की, खर्ची पडलेल्या पैशाचे सार्थक झाले की नाही हे बहुतेक ठिकाणी यंत्रांच्या गुणवत्तेपेक्षा या शिक्षणावरच अवलंबून राहिले, आणि नेमके तेच सर्वांच्या शेवटी हाती घेतले गेले.

प्रारंभ अभियंत्यांपासून झाला, हे स्वाभाविक होते. दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठाने नोव्हेंबर १९९१ मध्ये आपला देश प्रथम इंटरनेटला जोडला. लुसाका येथील झांबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९४ साली ‘झॅमनेट’ ही सेवा सुरू झाली. आणि घानाचे प्राध्यापक नी क्वेनॉर यांच्या प्रेरणेने २००० सालापासून आफ्रिकी जाळे-अभियंत्यांचे वर्ग भरू लागले, ज्यांतून तयार झालेल्या तरुणांनी पुढे आपापल्या देशांचे जाळे अक्षरशः हातांनी विणले. या कामगिरीचे मोल कितीही मानले तरी थोडेच आहे. परंतु तिच्यामुळे विद्यापीठांत एक विचित्र विषमता निर्माण झाली : ज्याला यंत्र कळत होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या सहीवाचून एक पैसाही हलत नव्हता त्याला त्या यंत्राकडून काय मागावे हेच उमगत नव्हते. जोडणीचे मासिक देयक देणगीदाराच्या अनुदानातून भागत असे. अनुदानाची मुदत सरली की तारही मुकी होई, कारण विद्यापीठाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात त्या खर्चाची कायम तरतूद कोणी केलेलीच नसे.

विद्यापीठाच्या प्रमुखांना शिकविण्याची कल्पना त्या काळी अज्ञात होती असे मात्र नव्हे. १९६७ साली रबात येथे स्थापन झालेल्या आणि अक्रा येथून कारभार चालविणाऱ्या आफ्रिकी विद्यापीठ संघाने नव्वदीच्या दशकात वरिष्ठ व्यवस्थापनाची शिबिरे सुरू केली होती. परंतु तो काळ आर्थिक पुनर्रचनेच्या जाचाचा होता. सरकारी अनुदाने आटत होती, प्राध्यापक देश सोडून जात होते, वसतिगृहांत दुप्पट-तिप्पट विद्यार्थी कोंबले जात होते, आणि अशा वेळी शिबिरांतून जमाखर्चाची सांगड कशी घालावी, संप कसा मिटवावा, याच विषयांना अग्रस्थान मिळावे यात नवल नाही. युगांडातील मकेरेरे विद्यापीठाने १९९० च्या दशकात शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांना दार उघडून आपली तिजोरी सावरली खरी. पण त्या बाजारी वळणाने विद्यापीठाच्या अंतरंगात काय उलथापालथ झाली, याची चिकित्सा मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी यांनी २००७ साली एका संपूर्ण ग्रंथातून केली. संगणक हा त्या साऱ्या धांदलीत दुय्यम विषय होता.

अशा वेळी बाहेरून उत्तर आले, तेही तयार. जागतिक बँकेने १९९७ साली आफ्रिकी आभासी विद्यापीठाचा प्रकल्प वॉशिंग्टनहून चालू केला. परदेशी विद्यापीठांतील व्याख्याने उपग्रहाद्वारे आफ्रिकेतील केंद्रांवर उतरू लागली. २००२ साली या संस्थेचे ठाणे नैरोबीला हलले आणि पुढच्याच वर्षी ती आफ्रिकी शासनांच्या सनदेखाली आली, हा बदल इष्टच होता. पण आरंभीच्या रचनेत यजमान विद्यापीठाच्या कुलगुरूकडे केवळ एक खोली, एक तबकडी आणि एक व्यवस्थापक यांची सोय करण्याचे काम उरले होते. अभ्यासक्रम कोणी ठरवावा, परीक्षेची जबाबदारी कोणाची, पदवीवर शिक्का कोणाचा, हे प्रश्न त्याच्या दालनापर्यंत फारसे पोहोचलेच नाहीत, आणि जे प्रश्न पोहोचत नाहीत त्यांवर निर्णय घेण्याची सवयही लागत नाही.

आपल्या देशाचा या कथेत जो भाग आहे, त्याचाही विचार याच दृष्टीने करणे प्रामाणिकपणाचे होईल. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी सप्टेंबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अखिल आफ्रिकी संसदेपुढे सर्व आफ्रिकी देशांना उपग्रह आणि प्रकाशतंतूंनी जोडण्याची कल्पना मांडली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती प्रत्यक्षात आली. भारतीय विद्यापीठांतून अध्यापन आणि भारतीय रुग्णालयांतून वैद्यकीय सल्ला अशी तिची दुहेरी योजना होती. हेतू उदात्त होता, आणि असंख्य नोकरदार विद्यार्थ्यांना तिचा लाभ झाला. तथापि तिथेही ज्ञानाचा प्रवाह एका दिशेने वाहत होता, आणि आफ्रिकी विद्यापीठ हे त्याचे उतरण्याचे ठिकाण होते. ते विद्यापीठ स्वतः असा वर्ग चालविण्यास कसे समर्थ होईल, हा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिला. २०१९ मध्ये तिच्या अध्यापनाच्या भागाची जागा इंटरनेटवरील ई-विद्याभारतीने घेतली.

माझ्या मते या इतिहासाची खरी कलाटणी २००० ते २०१० या दशकात, आणि तीही वाटाघाटीच्या निमित्ताने आली. कार्नेगी, फोर्ड, मॅकआर्थर आणि रॉकफेलर या चार अमेरिकन प्रतिष्ठानांनी २००० साली आफ्रिकी उच्चशिक्षणासाठी संयुक्त उपक्रम सुरू केला, आणि पुढे आणखी तीन प्रतिष्ठाने त्यात सामील झाली. त्या उपक्रमाच्या आश्रयाने अनेक देशांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन उपग्रहावरील जोडणीचा एकगठ्ठा सौदा केला, आणि एकेकटे असताना जो भाव त्यांना द्यावा लागे, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश भावात ती मिळविली. पैशाची बचत झाली, ही गोष्ट तर मोठी आहेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रथमच कुलगुरूंना दर सेकंदाला किती माहिती वाहते, तिची किंमत काय, ती कोण वापरतो आणि ती कोठे वाया जाते, हे स्वतःच्या सहीच्या करारापुरते तरी समजून घ्यावे लागले. कोणत्याही व्याख्यानाने जे साधले नसते ते या सौद्याने साधले, कारण शिकण्याचा विषय आणि घ्यावयाचा निर्णय हे दोन्ही एकच होते.

याच सुमारास विद्यापीठांनी आपापली राष्ट्रीय शैक्षणिक जाळी उभारली : केनियात १९९९ मध्ये केनेट, दक्षिण आफ्रिकेत टेनेट, आणि अशा पाच देशांच्या जाळ्यांनी मिळून २००५ साली उबुंटुनेट संघ स्थापन केला, ज्याचे कार्यालय आज मलावीतील लिलाँग्वे येथे आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेसाठी तसाच संघ अक्रा येथे उभा राहिला. केनेटने प्राध्यापक मेओली काशोर्डा आणि टिमोथी वायमा यांच्याकरवी केनियातील विद्यापीठांच्या डिजिटल सिद्धतेची पाहणी २००६ साली आणि त्यानंतर पुन्हा करविली. प्रत्येक निकषावर विद्यापीठ कोणत्या पायरीवर उभे आहे, हे तीत स्पष्ट मांडलेले असे. ही पाहणी म्हणजे कुलगुरूंसमोर धरलेला आरसाच होता. संगणक किती आहेत एवढेच तीत मोजलेले नव्हते. संस्थेच्या धोरणात, अंदाजपत्रकात आणि वरिष्ठ मंडळात या विषयाला स्थान आहे काय, हेही विचारलेले होते. शेजारचे विद्यापीठ आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे, हे कळल्यावर जी अस्वस्थता निर्माण होते, ती शिक्षणाची उत्तम पूर्वपीठिका ठरते.

मग जुलै २००९ मध्ये सीकॉम ही समुद्रतळातील तार पूर्व किनाऱ्याला लागली, मोम्बासा आणि दार-एस-सलाम थेट मुंबईशी आणि मार्सेयशी जोडली गेली, आणि तोपर्यंत उपग्रहावरच विसंबून राहिलेल्या पूर्व आफ्रिकेची ‘जोडणीच नाही’ ही सबब संपुष्टात आली. त्यानंतरच्या काळातील सर्वांत विचारपूर्वक आखलेला प्रयोग म्हणजे उपरोक्त प्रतिष्ठानांच्याच आश्रयाने चाललेला शैक्षणिक तंत्रज्ञानाचा उपक्रम. त्यात इबादान, जोस, मकेरेरे, दार-एस-सलाम, केन्याटा, विनेबा आणि मोझांबिकचे कॅथलिक विद्यापीठ अशी सात विद्यापीठे होती, आणि मार्गदर्शनाचे काम दक्षिण आफ्रिकेतील साइदे ही संस्था व केपटाउन विद्यापीठातील तज्ज्ञ करीत होते. प्रत्येक विद्यापीठाने आपले धोरण व आपले प्रकल्प आपणच ठरवावयाचे, आणि मार्गदर्शकांनी वारंवार येऊन त्यांच्या शेजारी बसावयाचे, अशी त्याची रीत होती. आफ्रिकेने आफ्रिकेला शिकविले, आणि चार दिवसांच्या शिबिराऐवजी काही वर्षांचा सहवास दिला, ही त्या उपक्रमाची दोन वैशिष्ट्ये मला फार मोलाची वाटतात.

तरीही २०२० च्या मार्चमध्ये महामारीने दारे बंद केली तेव्हा तयारी किती असमान होती, हे उघड झाले. ज्या दक्षिण आफ्रिकेत १९४६ पासून पत्रद्वारा शिक्षणाची परंपरा होती, तिथेही विद्यापीठांना मोबाइल कंपन्यांशी बोलणी करून आपली संकेतस्थळे विद्यार्थ्यांसाठी निःशुल्क करून घ्यावी लागली. युगांडात उच्चशिक्षण परिषदेला दूरस्थ अध्यापनाचे तातडीचे नियम काढावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये एका रात्री मकेरेरेची १९४१ सालची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली, आणि पदवीचे दाखले व जमाखर्चाचे दफ्तर सुरक्षित आहे काय, हा प्रश्न देशभर विचारला गेला; पुढच्या एप्रिलमध्ये टेबल माउंटनच्या वणव्यात केपटाउन विद्यापीठाच्या जॅगर वाचनालयातील आफ्रिका-विषयक अमूल्य संग्रहाचा मोठा भाग जळाला. दफ्तराची आणि ग्रंथांची प्रत संगणकावर ठेवणे ही तांत्रिक विभागाची हौस नसून विद्यापीठाच्या विश्वस्तपदाचे कर्तव्य आहे, हे या दोन आगींनी ज्या कठोरपणे शिकविले, तसे कोणत्याही वर्गात शिकविले गेले नव्हते.

परंतु नेतृत्वाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर नायजेरियाकडे वळावे लागते. तेथील संघ-सरकारने कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक एकाच केंद्रीय संगणकप्रणालीत आणण्याची योजना २००७ पासून राबविली होती, आणि २०२० च्या आरंभी ती विद्यापीठांवरही लागू केली. बोगस नावे गाळण्याचा तिचा हेतू रास्त होता. पण विद्यापीठाची नोकरी ही सरकारी कचेरीच्या नोकरीसारखी नसते : प्राध्यापक अभ्यासरजेवर जातो, एका विद्यापीठात कायम असून दुसऱ्यात अभ्यागत म्हणून शिकवितो, त्याचे भत्ते निराळ्या हिशेबाने निघतात, आणि या बारकाव्यांना त्या प्रणालीत जागा नाही, शिवाय नेमणुकीचे स्वातंत्र्यच राजधानीच्या हाती जाते, अशी प्राध्यापक-संघटनेची तक्रार होती. मार्च ते डिसेंबर २०२० असा प्रदीर्घ संप झाला; संघटनेने स्वतःची पर्यायी प्रणाली तयार करून सरकारपुढे ठेवली; २०२२ साली पुन्हा आठ महिने विद्यापीठे बंद राहिली, ज्याच्या कारणांत हाही वाद होता; आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांना त्या केंद्रीय व्यवस्थेतून वगळण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. या सबंध काळात कुलगुरूंची स्थिती अत्यंत अवघड होती; वरून हुकूम येत होता, खालून असहकार होत होता. प्रणालीचा मसुदा ठरत असतानाच विद्यापीठाच्या गरजा अधिकारवाणीने मांडणारे, म्हणजे सेवानियम आणि संगणक दोन्ही जाणणारे प्रशासक पुरेशा संख्येने असते, तर विद्यार्थ्यांची इतकी सत्रे वाया गेली नसती, असे मला मनापासून वाटते. वादाला पैशाची आणि राजकारणाचीही अंगे होती, हे मी विसरत नाही; पण प्रशासकांच्या अपुऱ्या तयारीचे अंग त्यांच्याइतकेच खरे आहे.

महामारीनंतर या शिक्षणाला वेग आला. राष्ट्रकुल विद्यापीठ संघाने पूर्व आफ्रिकेतील विद्यापीठांना मिश्र पद्धतीचे अभ्यासक्रम वाटून घेण्यास शिकविणारा जो उपक्रम २०१८ मध्ये आरंभिला होता, तो पुढे पश्चिम आफ्रिकेत नेला. जर्मनीने अधिष्ठात्यांसाठी आधीपासून चालविलेल्या वर्गांत आफ्रिकी अधिष्ठाते आपल्या विद्यापीठातील एक प्रत्यक्ष सुधारणा हाती घेऊन येत राहिले. युनेस्कोच्या चीनमधील शेनझेन येथील केंद्राने आफ्रिकी विद्यापीठांशी सहकार्य जोडले. आणि आफ्रिकी संघाने २०२० ते २०३० चे डिजिटल स्थित्यंतराचे धोरण व त्यापाठोपाठ डिजिटल शिक्षणाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. विषयही बदलले. केनिया आणि युगांडा यांनी २०१९ मध्ये, तर नायजेरियाने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे केल्यामुळे विद्यार्थ्याच्या नोंदींची कायदेशीर जबाबदारी विद्यापीठावर आली आहे. विजेचा प्रश्नही वर्गात शिरला आहे, कारण कानो येथील बायेरो विद्यापीठात ७.१ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिल्यावर, अखंड वीज नसता डिजिटल धोरण हा नुसता कागद ठरतो, हे तेथील प्रशासनाला वेगळे सांगावे लागत नाही.

एक अडचण मात्र कोणत्याही शिबिराने अद्याप सोडविलेली नाही. नायजेरियातील संघीय विद्यापीठांच्या कुलगुरूची मुदत कायद्याने एकदाच, पाच वर्षांची असते. इतरत्र ती पुन्हा मिळू शकत असली, तरी एका मुदतीची लांबी फार निराळी नसते. पहिले वर्ष ओळखीत आणि शेवटचे वारसाच्या चर्चेत जाते, आणि मधल्या तीन वर्षांत शिकलेला प्रमुख निघून गेला की त्याच्याबरोबर ते शिक्षणही जाते. म्हणून एकट्या कुलगुरूला बोलावण्याऐवजी कुलसचिव, वित्त अधिकारी, ग्रंथपाल आणि संगणक विभागाचा प्रमुख या सर्वांना एकाच वर्गात बसवावे, त्यांच्यापुढे त्यांच्याच विद्यापीठाचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठेवावे, आणि ज्या नियामक मंडळापुढे ते मंजुरीसाठी जावयाचे आहे त्याच्या दोन-तीन सभासदांनाही त्या वर्गाचे आमंत्रण द्यावे, अशी माझी या क्षेत्रातील संस्थांना आग्रहाची विनंती आहे.