दुकानात कॉम्प्युटर तीन, मेलबॉक्स एक: सगळ्यांना दिसला पाहिजे, पण हरवला नाही पाहिजे!



आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कुठल्याही दुकानात डोकावून बघा. काउंटरवर एक कॉम्प्युटर, हिशेबाच्या टेबलावर दुसरा, गोडाऊनमध्ये तिसरा. ईमेल आयडी मात्र एकच. ऑर्डर त्यावरच, जीएसटीची बिलंही त्यावरच. मग हे मेल तिघांनाही दिसायचे कसे?

मी काय जुगाड केला होता, ते आधी सांगतो. काउंटरवर आउटलुक टाकलं, त्याची पीएसटी फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आणि बाकी दोन मशीनवरूनही तीच फाइल उघडायची. एकानं उघडली की दुसऱ्याला "फाइल वापरात आहे" असा मेसेज. मग काउंटरवरून ओरडायचं, "आउटलुक बंद कर रे!" वर्षभर असंच चाललं.

एका दुपारी गोडाऊनमध्ये फाइल उघडी असतानाच लाइट गेली. लाइट आली, पण फाइल उघडेना. रिपेअर टूल चालवलं, बरेच मेल परत मिळाले. शेवटच्या दोन दिवसांचे गेले ते गेलेच. त्यातच एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेल होता: टॉवेलचा साइज बदला. मी तो वाचला होता, पण "मेलमध्ये आहेच की" म्हणून गोडाऊनला सांगितलंच नव्हतं. जुन्या साइजचा माल गेला, परत आला. दोन्हीकडचं भाडं माझ्या खिशातून! आणि ते गिऱ्हाईक सहा महिने फोन उचलेना.

चुकलं काय?

पीएसटी म्हणजे एका मुनीमजींची एक खातेवही. दोघांनी एकाच वेळी त्यात लिहायचं नसतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून ती रोज चालवू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. नेट किंवा लाइट मध्येच तुटली की लिहिणं अर्धवट राहतं आणि फाइल बिघडते.

दुसरी चूक पॉप सेटिंगची. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरतो आणि "सर्व्हरवर कॉपी ठेवा" हा पर्याय चालू नसेल तर सर्व्हरवरून निघून जातो. माझ्याकडे तो बंद होता. म्हणून फाइल गेली, तसे मेलही गेले.

मग करायचं काय?

आयमॅप वापरा. बँकेचं उदाहरण घ्या. खातं बँकेत, पासबुक तुमच्या हातात. कुठल्याही शाखेत जा, शिल्लक तीच दिसते. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक मशीन आपापली वेगळी प्रत ठेवतं. काउंटरवर वाचलेला मेल गोडाऊनमध्येही वाचलेला दिसतो. फाइल शेअर करायची गरजच नाही.

बदल करताना हा क्रम पाळा:

1. सगळीकडचं आउटलुक बंद करा आणि पीएसटीची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. हे आधी, बाकी सगळं नंतर!
2. सर्व्हरवर जागा किती आहे ते बघा. फ्री जीमेलला 15 जीबी मिळते, तीही ड्राइव्ह आणि फोटो मिळून. ती भरली की नवे मेल येणं थांबतं.
3. एका मशीनवर आयमॅप खातं जोडा आणि जुने फोल्डर ओढून त्यात टाका. वेळ लागेल, घाई करू नका.
4. सगळे मेल वर गेले याची खात्री झाल्यावरच बाकीची मशीन जोडा.

पासवर्ड वाटू नका

भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड म्हणजे गल्ल्याची किल्ली दारात टांगणं. जीमेलच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याला तुमच्या खात्यात प्रवेश देण्याची सोय आहे. तो आपल्या आयडीनं येतो, तुमचे मेल वाचतो, उत्तर देतो. पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही. साध्या खात्यावर असे 10 जण जोडता येतात. माणूस काम सोडून गेला की त्याचं नाव काढा, विषय संपला. स्वतःच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन मात्र लावाच.

आयमॅप म्हणजे बॅकअप नाही!

इथेच बरेच जण फसतात. एका मशीनवर मेल डिलीट केला की तो सगळीकडून जातो. जीमेलच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो, नंतर कायमचा जातो. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळायची असतात. बिलं फक्त मेलवरच येत असतील, तर ती तुमची कागदपत्रंच झाली ना?

म्हणून महिन्यातून एकदा गुगल टेकआउटमधून मेल उतरवा, हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क दुकानात नाही, घरी ठेवा.

आज शटर ओढण्याआधी एकच काम करा. तुमचं सेटिंग पॉप आहे की आयमॅप, एवढं बघून घ्या. मला हे कळायला एक गिऱ्हाईक गमवावं लागलं. तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.