कॅमेऱ्यातून परतताना हरवणारा गट क्रमांक

खरिपाची पीक पाहणी सुरू झाली की जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शेतकरी मोबाइल घेऊन बांधावर उभे दिसतात. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने तलाठ्याच्या हातची नोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. खाते, गट क्रमांक, हंगाम, निर्भेळ पीक की मिश्र, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि शेवटी शेतात उभं राहून काढलेला फोटो, अक्षांश-रेखांशासह. कपाशीची, सोयाबीनची, मोसंबीची ही नोंद सातबाऱ्यावर चढली नाही, तर पुढे नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडचणी येतात. त्यामुळे असं ॲप भरलेली माहिती आत कुठे ठेवतं, हा प्रश्न फक्त प्रोग्रामरचा राहत नाही.

अशा कोणत्याही फॉर्ममधला सर्वांत नाजूक क्षण फोटोचा. रकाने भरून झाले, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. आता पडद्यावर कॅमेरा आहे आणि आपलं ॲप मागे गेलं आहे. कॅमेरा मेमरी भरपूर खातो. फोन दोन जीबी रॅमचा असेल, तर अँड्रॉइड मागच्या ॲपची अख्खी प्रोसेस गुपचूप बंद करून कॅमेऱ्याला जागा करून देतं. फोटो काढून शेतकरी परततो, तेव्हा तोच स्क्रीन नव्याने उभा केला जातो. वरवर सगळं जागच्या जागी दिसतं; पण गट क्रमांक स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल, तर तो गेलेला असतो. ‘जतन करा’ दाबताच ॲप बंद पडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे नोंद अर्धवट जाते.

हे का होतं? अँड्रॉइडमधल्या स्क्रीनला ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि तिचं आयुष्य फार छोटं असतं. फोन आडवा केला, भाषा इंग्रजीची मराठी केली, अक्षरं मोठी केली, की एरवी जुनी ॲक्टिव्हिटी मोडते आणि नवी बांधली जाते. तिच्यातली माहितीही तिच्याबरोबर जाते. यावर नवशिक्या प्रोग्रामरला सापडणारी पहिली पळवाट म्हणजे स्टॅटिक. ॲपची प्रोसेस हा वाडा धरला, तर स्क्रीन ही त्यातली खोली आणि स्टॅटिक म्हणजे ओसरीवरचा सामाईक कोनाडा. खोली पाडून पुन्हा बांधली तरी कोनाड्यातली वस्तू हलत नाही. वाडाच पडला, की कोनाडाही जातो. अँड्रॉइड नंतर नवा वाडा उभारून तीच खोली पुन्हा बांधतं, कोनाडा मात्र रिकामा.

उलट बाजूही तितकीच घातक आहे. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि गावातला एखादा पोरगा शेजारपाजारच्यांची नोंदही करून देतो. पहिल्याचं काम झालं, ‘मागे’ दाबलं, दुसऱ्याचा फॉर्म उघडला. प्रोसेस अजून जिवंत आहे. स्टॅटिकमधला पहिल्याचा गट क्रमांकही जिवंत आहे. तो नव्या फॉर्ममध्ये शिरला, तर एकाची तूर दुसऱ्याच्या रानात उगवेल. हवं तेव्हा टिकत नाही आणि नको तेव्हा जात नाही, असा हा साठा आहे. शेतकऱ्याने भरलेली कोणतीही गोष्ट त्यात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ठेवायचं कुठे? तालुक्यांची, पिकांची यादी सगळ्यांना सारखीच. ती ॲपबरोबर आलेल्या फाइलमधून पुन्हा वाचता येते. ती स्टॅटिकमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त रिकामी दिसली तर नव्याने वाचायची. स्क्रीन फिरण्यापुरती माहिती जपायला गूगलने २०१७मध्ये आणलेलं व्ह्यूमॉडेल आहे, पण प्रोसेस गेली की तेही जातं. प्रोसेस गेल्यावरही परत मिळतं ते सिस्टिमकडे सोपवलेलं बंडल. त्याची मर्यादा कडक आहे: सिस्टिमशी होणाऱ्या सगळ्या देवाणघेवाणीला मिळून सुमारे १ एमबी. त्यात फोटो कोंबला, तर २०१६च्या अँड्रॉइड ७पासून ॲप कोसळतं. तिथे फक्त नोंदीचा क्रमांक ठेवायचा. खरा मजकूर रकाना भरताक्षणी फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये जायला हवा, फोटो फाइलमध्ये, आणि रेंज मिळाली की दोन्ही सर्व्हरकडे.

हा दोष चाचणीत सहज निसटतो, कारण चाचणीचे फोन बहुधा दणकट असतात. ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ ही डेव्हलपरसाठीची सेटिंग चालू करून अनेक जण निश्चिंत होतात. ती फक्त ॲक्टिव्हिटी मोडते. प्रोसेस शाबूत राहते, स्टॅटिक शाबूत राहतं आणि चूक झाकली जाते. खरी चाचणी वेगळी आहे. फॉर्म भरायचा, कॅमेरा उघडायचा, संगणकावरून ‘एडीबी शेल एएम किल’ ही आज्ञा ॲपच्या नावासह देऊन मागची प्रोसेस मारायची, फोटो काढून परतायचं आणि गट क्रमांकाच्या रकान्यात काय दिसतं ते बघायचं.