छर्रा मिळतो, स्प्रिंग मिळत नाही!

दहा मीटरवरचं टार्गेट एकवेळ गाठता येईल. पण जुन्या एअरगनचा एक साधा पार्ट मिळवायचा, तर नेमबाजीबरोबर कायद्याचाही अभ्यास हवा.

ऑफिसात सोमवारी सकाळी विषय निघतोच. वीकएन्डला काय केलं? कुणी राजमाची केला, कुणी मल्टिप्लेक्स. मी म्हणते, 'शूटिंग.' मग पुढचा प्रश्न ठरलेला, 'कुठल्या सीरियलचं?'

नाही हो, एअर रायफलचं! 10 मीटरवर कागदाचं टार्गेट असतं आणि त्याच्या मध्यावर 10 गुणांचा ठिपका. हा ठिपका केवढा? फक्त अर्धा मिलिमीटर. श्वास सोडायचा, थांबायचं, ट्रिगर हळूच दाबायचा. त्या काही सेकंदांत ना बॉस आठवत, ना ईएमआय. मेडिटेशनच म्हणा ना! 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने याच प्रकारात गोल्ड मिळवलं. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे हा खेळ आपल्याला परका नाही.

माझी रायफल मात्र ऑलिम्पिकवाली नाही. बाबांकडून आलेली, जुनी 'आयएचपी'. हे नाव म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंद यांची सिमेंटचे पाइप बनवणारी कंपनी. तिनेच एअर रायफलीही बनवल्या. लाकूड अजून झकास आहे, बॅरल सरळ आहे. थकलीये ती आतली स्प्रिंग. छर्रा हल्ली नेम धरू तिथून दोन बोटं खाली जातो. स्प्रिंग आणि पिस्टनचा वॉशर बदलला की काम फत्ते. सायकलची ब्रेक केबल बदलण्याइतकं सोपं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

'ताई, नवीनच घ्या'

दुकानातल्या काकांनी रायफलचं नाव ऐकलं आणि मान हलवली. 'ताई, स्प्रिंग सुटी देत नाही आम्ही. नवीन रायफलच घ्या ना.'

'अहो काका, पण रायफल चांगली आहे!'

'असेल. पण पार्ट म्हणजे पण शस्त्रच. कोण झंझट मागे लावून घेणार?'

दुसऱ्या दुकानात हेच उत्तर. कुरिअरवाल्याला 'एअरगनचा पार्ट' एवढं म्हटलं तरी तो हात वर करतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाने परदेशातून वॉशर मागवला. किंमत एका पिझ्झाएवढी. पार्सल वाटेतच अडकलं, मग परवाना विचारणारं पत्र आलं. त्याने वॉशरचा नाद सोडला. आता तो बॅडमिंटन खेळतो.

कायदा काय म्हणतो?

मग मी 1959चा आर्म्स अ‍ॅक्ट उघडला. म्हटलं, काका घाबरवतायत की खरं बोलतायत ते बघूच. तर काका हवेत बोलत नव्हते. कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग धरलेत. आणि 'फायरआर्म' म्हणजे स्फोटकाने 'किंवा इतर ऊर्जेने' काहीही फेकणारं शस्त्र. दाबलेली हवा ही इतर ऊर्जाच की! कलम 5 प्रमाणे अशी शस्त्रं बनवायला, विकायला, दुरुस्त करायला, त्यात बदल करायला परवाना लागतो. कलम 10 प्रमाणे परदेशातून आणायलाही.

मग आपल्याला एअरगन विनापरवाना कशी मिळते? तर सवलत म्हणून. 2016च्या आर्म्स रूल्सनी तिची हद्द आखून दिली आहे. बोअर 4.5 मिलिमीटर, म्हणजे पॉइंट 177 पर्यंत, आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलपर्यंत. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी लायसन्स हवं. मॅच रायफलची ऊर्जा साधारण 7-8 जूल असते. म्हणजे कागदावर भोकं पाडणाऱ्यांना ही हद्द भरपूर आहे.

अडचण पुढे आहे. त्या व्याख्येत बॅरल वेगळी आणि वॉशर वेगळा, असं काही नाही. 'पार्ट' म्हणजे पार्ट. अख्खी रायफल ओळखपत्र दाखवून मिळते आणि तिची स्प्रिंग दाखवायलाही दुकानदार कचरतो! नामवंत नेमबाजांना आयातीसाठी वेगळी सोय आहे. पण नामवंत होण्याआधी प्रत्येक जण हौशीच असतो ना?

जुगाडाचा धोका

पार्ट मिळाला नाही की आपण भारतीय काय करतो? जुगाड! मोटारसायकलच्या गॅरेजमधून स्प्रिंग, चप्पल शिवणाऱ्याकडून चामड्याचा वॉशर. चामड्याचं एकवेळ चालून जातं. पण अंदाजाने बसवलेली स्प्रिंग भलतीच कडक निघाली, तर ऊर्जा वाढते आणि कायद्याची हद्द ओलांडली हे कळतही नाही. ट्रिगरवर ताण येतो तो वेगळाच. जो कायदा सुरक्षेसाठी आहे, त्याच्यामुळे रायफल कमी सुरक्षित होते, ही खरी गंमत. गंमत कसली, काळजीच!

पण दुसरी बाजूही आहे

नियम उगाच आले नाहीत. एअरगनने पक्षी मारणारे आपल्याकडे कमी नाहीत. अरुणाचल प्रदेशात तर मार्च 2021 मध्ये सरकारनेच 'एअरगन सरेंडर' मोहीम काढली आणि लोकांनी आपणहून बंदुका जमा केल्या, पक्षी वाचावेत म्हणून. छर्रा माणसाच्या डोळ्यात गेला तर दृष्टी जाते. त्यामुळे 'सगळे नियम काढून टाका' असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

इतर देशही सैल सोडत नाहीत. जर्मनीत हद्द आपल्यापेक्षा कडक, 7.5 जूल. बसणाऱ्या बंदुकीवर पंचकोनात 'एफ' ठोकलेला असतो. इंग्लंडमध्ये रायफलला 12 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 16 जूल, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला समोरासमोरच विकायची, असा 2007 पासून नियम. स्कॉटलंडमध्ये 2016च्या शेवटापासून सर्टिफिकेटच लागतं.

आमचं मागणं छोटंसं आहे. बॅरल, सिलिंडर यांच्यावर नजर ठेवा, जरूर ठेवा. पण स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग यांची वेगळी यादी करा. ओळखपत्र घ्या, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि मूळ ताकदीचा पार्ट परवानाधारक दुकानातून मिळू द्या. एवढ्या एका यादीने दुकानदाराची भीती जाईल आणि आमचा जुगाडही.

घेताय का एअरगन? मग हे वाचाच

• 4.5 मिमी आणि 20 जूल, दोन्ही अटी बसतात का ते लेखी घ्या.
• घेण्याआधीच विचारा, 'याचे पार्ट आणि सर्व्हिस कोण देणार?' उत्तर नाही मिळालं तर दुसरं मॉडेल बघा.
• बिल जपून ठेवा, रायफल नेताना सोबत असू द्या.
• परदेशी साइटवरचा पार्ट कितीही स्वस्त दिसला तरी आधी आयातीचा नियम बघा.
• नेम कागदावरच. पक्षी-प्राण्यांवर धराल तर 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, आणि आमच्या ग्रुपमध्ये तर जागा नाहीच!