शेवटी जल्लोष नाही, म्हणून लोक गोंधळले: काय आहे सिबेलियसची चौथी सिम्फनी?

३ एप्रिल १९११. हेलसिंकीत जान सिबेलियस स्वतः ऑर्केस्ट्रा चालवत होता. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता आणि ‘फिनलंडिया’ लिहिणारा सिबेलियस फिनिश लोकांचा लाडका संगीतकार. पण त्या दिवशी नवी सिम्फनी संपली, तेव्हा टाळ्या कधी वाजवायच्या हेच अनेकांना कळेना.

असं काय होतं तिच्यात?

आधी आजारपण

१९०८ मध्ये सिबेलियसच्या घशात गाठ निघाली. बर्लिनमध्ये शस्त्रक्रिया झाली. तो बरा झाला, पण गाठ परत येईल ही भीती गेली नाही. पुढची सुमारे ७ वर्षं त्याने दारू आणि सिगारला हात लावला नाही. चौथी सिम्फनी याच काळातली.

सुरुवातच अस्वस्थ

चेलो, डबल बास आणि बसून ही खर्जातली वाद्यं चारच सूर वाजवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, रे, तीव्र म, ग. यमन ऐकणाऱ्याला तीव्र मध्यम गोडच वाटतो. युरोपात मात्र सा आणि तीव्र म यांच्यातलं अंतर इतकं खटकायचं, की त्याला ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलं. सिबेलियसने हेच अंतर अख्ख्या सिम्फनीत पेरलं.

शेवट कसा होतो?

चौथ्या भागात घंटानाद येतो, वेग येतो. आता विजय होणार असं वाटतं आणि सगळं विस्कटत जातं. शेवटचे सूर ना जोरात वाजतात, ना विरत जातात. मध्यम आवाजात येतात आणि थांबतात.

तेव्हा युरोपात भव्य ऑर्केस्ट्रा आणि दणदणीत शेवटांची चलती होती. आपली सिम्फनी या दिखाऊपणाचा निषेध आहे, असं सिबेलियसचं म्हणणं होतं.

‘सालीच्या भाकरीची सिम्फनी’

हे तिचं टोपणनाव. १८६० च्या दशकातल्या दुष्काळात फिनिश लोकांनी झाडाची साल दळून पिठात मिसळली होती. ही सिम्फनीही तशीच, कोरडी आणि कडवट.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुढे अनेकांना या सिम्फनीत येणाऱ्या काळाची चाहूल दिसली. सिबेलियसची भीती मात्र खासगी होती. गाठ परत आली नाही. १९५७ मध्ये तो गेला, तेव्हा ९१ वर्षांचा होता.

ऐकायची असेल तर साधारण ३५ मिनिटं काढा. हेडफोन लावा, सुरुवात फार खालच्या सुरात आहे.