जुन्या मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगमधील आवाज : कारण कसे ओळखावे

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील चिखली, मेहकरकडील भागात तसेच घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगावकडील भागात अनेक शेतकरी कुटुंबांपाशी जुनी जीप अथवा मोटार असते. बियाणे व खताची पोती आणणे, भाजीपाला बाजारात पोचविणे, अडीअडचणीला आजारी माणसास दवाखान्यात नेणे ही सर्व कामे तिच्यावर अवलंबून असतात. अशा गाडीचे स्टिअरिंग वळविताना ‘घूं’ असा कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला की पंप निकामी झाला असे समजून पुष्कळदा नवा पंप बसविला जातो. परंतु दोष पंपाकडे तेल नेणाऱ्या साध्या रबरी नळीत असेल, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. आवाज कायम राहतो आणि नवा पंपही लवकर झिजतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी कारण ओळखणे अगत्याचे आहे.

यंत्रणेचे कार्य

तेलाच्या दाबाने चाके वळविण्याच्या ह्या पद्धतीचे मोटारीवरील प्रात्यक्षिक अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस ह्यांनी १९२६ साली केले. विक्रीच्या मोटारींत ती प्रथम १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आणली. इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा पंप लहान टाकीतील तेल ओढतो व दाबाने स्टिअरिंगकडे पाठवितो. चालकाने चाक फिरविताच झडप उघडते, तेल दट्ट्यास ढकलते आणि पुढील चाके वळण्यास मदत होते. नंतर तेच तेल टाकीत परत येते. अलीकडील अनेक मोटारींत हे काम विजेची मोटर करते. त्यांत तेल नसल्यामुळे पुढील माहिती त्यांना लागू पडत नाही.

आवाज का होतो

विहिरीवरील पंपाचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास असतो. विहिरीचे पाणी खाली गेले किंवा शोषण नळीस चीर पडली की पंप हवा धरतो व त्याचा आवाज बदलतो. स्टिअरिंगच्या पंपाचेही तसेच आहे. टाकीतील तेल कमी होणे, गाळणी चोंदणे, शोषण नळी सैल अथवा कडक होणे किंवा तेल अति घट्ट असणे ह्यांपैकी काहीही घडले, तरी पंपास पुरेसे तेल मिळत नाही. तेलात हवेचे बुडबुडे मिसळतात व ते दाबाखाली फुटताना आवाज होतो. ही स्थिती बराच काळ राहिल्यास पंपाचे आतील भाग झिजतात. लहान दोषाकडे दुर्लक्ष केल्याने मोठा खर्च उद्भवतो, तो असा.

आवाजाची पारख

गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून व गिअर मोकळा ठेवून इंजिन चालू करावे. इंजिनाची गती वाढविताच आवाज वाढला व चाक वळविताना तो अधिक तीव्र झाला, तर दोष बहुधा पंप व तेल ह्यांच्याशी संबंधित आहे. उभ्या गाडीत आवाज नाही, परंतु धावताना वेगाबरोबर वाढतो, असे असल्यास चाकांच्या बेअरिंगकडे अथवा गिअरपेटीकडे पाहावे. सुरू करताच किंवा चाक जोराने वळविताना ‘चीं’ असा कर्कश आवाज आल्यास पट्टा घसरत असतो. सतत घरघर येत असल्यास बेअरिंगचा संशय घ्यावा.

चाक शेवटच्या टोकापर्यंत वळविल्यावर क्षणभर होणारा आवाज हा दोष नव्हे. त्या वेळी दाब मर्यादित ठेवणारी झडप उघडते. मात्र चाक टोकास पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरू नये. तेल फार तापते.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी तेलाची. इंजिन बंद करून टाकीचे झाकण पुसावे, म्हणजे धूळ आत जाणार नाही. तेलाची पातळी थंड व गरम स्थितीसाठी दिलेल्या खुणांप्रमाणे पाहावी. तेलावर फेस असल्यास हवा शिरत आहे. तेल काळे व जळक्या वासाचे असल्यास ते जुने झाले आहे. त्यात धातूची चकाकणारी कणी दिसल्यास पंप झिजू लागला आहे. पातळी कमी असल्यास तेल कोठून गळते हे शोधल्याशिवाय केवळ भर घालून थांबू नये.

दुसरी तपासणी शोषण नळीची. टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या ह्या नळीत दाब नसून ओढ असते. म्हणून तिच्यातील बारीक चिरेतून तेल न गळताही हवा आत शिरू शकते. नळी बाहेरून कोरडी दिसली, तरी ती निर्दोष आहे असे मानू नये. उन्हाळ्याच्या व इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते. वाकविल्यावर चिरा दिसल्यास नळी व तिच्या पट्ट्या बदलाव्यात.

तिसरी तपासणी पट्ट्याची. तो सैल, चिरलेला किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला असल्यास ताणावा अथवा बदलावा. त्यानंतरही शंका राहिल्यास पट्टा काढून इंजिन थोडा वेळ चालवावे. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असल्यास अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक चालवू नये. आवाज थांबला, तर दोष पंपात किंवा त्या पट्ट्यावरील इतर कप्प्यांत आहे. इंजिन बंद करून प्रत्येक कप्पी हाताने फिरवून पाहावी. जी खरखरते तिचे बेअरिंग गेले आहे.

हवा काढणे

नळी अथवा तेल बदलल्यावर यंत्रणेतील हवा काढावीच लागते. पुढील चाके उचलून गाडीखाली भक्कम टेकू द्यावेत. टाकी भरून, इंजिन बंद ठेवून, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे व लागेल तसे तेल घालावे. मग इंजिन मंद गतीवर चालवून हीच क्रिया काही वेळा करावी. बुडबुडे थांबून आवाज गेला, तर पंप सुस्थितीत आहे. तेल, नळी, गाळणी व पट्टा ठीक असूनही आवाज राहिला, तरच पंप कारागिराकडे न्यावा.

दक्षता

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. ब्रेकचे तेल कधीही घालू नये. त्याने आतील रबरी भाग फुगून निकामी होतात. इंजिन चालू असताना दाबाच्या नळीवर हात फिरवून गळती शोधू नये. तेलाची बारीक धार कातडीत शिरू शकते. धोतर, उपरणे, पदर पट्ट्यापासून दूर ठेवावा. काढलेले तेल विहिरीजवळ अथवा शेतात ओतू नये.

पंप बंद पडला, तरी ह्या मोटारींतील चाकांचा स्टिअरिंगशी असलेला जोड सहसा तुटत नाही. मात्र स्टिअरिंग एकाएकी फार जड होते. भरलेली गाडी राजूर घाटाच्या वळणावर असताना असे घडणे धोक्याचे आहे. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी उरकावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या गाडीवर तिचे प्रात्यक्षिक दाखविल्यास गावातील चालकांस ती सहज साध्य होईल.