मॅन बेटावरील दोन स्वार

ज्या यंत्रास आपल्याकडे घरोघर फटफटी म्हणत आले, त्याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतील वडील मंडळींचें मत सहसा अनुकूल नसतें. त्या मताशीं आम्ही भांडूं इच्छीत नाहीं. किंबहुना पुढील हकीगत वाचून तें अधिकच दृढ होण्याचा संभव आहे. तथापि धाडस कोणतें व सक्ती कोणती, याचा विचार या यंत्रावर बसणाऱ्या दोन पुरुषांनीं जितक्या स्पष्टपणें केला, तितका पुष्कळ शहाण्यांकडूनही होत नाहीं, म्हणून ती सांगावीशी वाटते.

इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. सार्वजनिक रस्ते अडवून शर्यती लावण्यास इंग्लंडांत कायद्याची आडकाठी होती; परंतु या बेटास स्वतःचें विधिमंडळ असल्यानें त्यानें अशी परवानगी दिली, आणि १९०७ सालीं तेथें मोटारसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत झाली. एका सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कॉलियर हा ताशीं सुमारें ३८ मैलांच्या सरासरीनें पहिला आला. आज हा वेग ऐकून आमच्या वाचकांस हसूं येईल! १९११ पासून शर्यत डोंगरावरील रस्त्यानें धांवूं लागली. ही फेरी पावणेअडतीस मैलांची. तींत दोनशेंहून अधिक वळणें. रस्ता गांवांतून, घरांच्या ओट्यांजवळून, दगडी कुंपणांच्या मधून जातो आणि मग स्नेफेल डोंगराच्या अंगावर चढतो. खालीं स्वच्छ ऊन असतांना वर दाट धुकें, हा तेथला नित्याचा प्रकार. स्वार दहा दहा सेकंदांच्या अंतरानें सोडतात. म्हणजे खरी झुंज शेजारच्याशीं नसून घड्याळाशीं असते. या मार्गावर आजपर्यंत अडीचशेंहून अधिक स्वारांनीं प्राण गमावले आहेत.

१९६७ सालच्या ‘सीनियर’ शर्यतीची आठवण या खेळाचे शौकीन अद्याप काढतात. एका बाजूस इंग्लंडचा माईक हेलवुड, होंडा कंपनीच्या चार सिलिंडरच्या गाडीवर. तिचें बळ अफाट, परंतु सांगाडा त्या बळास न पुरणारा. वळणावर ती बेफाम घोड्यासारखी अंग टाकी. दुसऱ्या बाजूस इटलीचा जियाकोमो आगोस्तिनी; त्याची एम्. व्ही. आगुस्ता तीनच सिलिंडरची, पण हलकी व शब्दांत वागणारी. आगोस्तिनीनें आरंभीं आघाडी घेतली. हेलवुडनें दुसऱ्या फेरींत ताशीं १०८.७७ मैलांचा उच्चांक केला. पुढें आठ वर्षें तो कोणास मोडतां आला नाहीं. त्याच्या गाडीची वेग देणारी मूठ सैल झाली, तेव्हां पेट्रोल भरण्यास थांबला असतां त्यानें ती हातोडीनें ठोकून घट्ट केली व पुन्हा निघाला! सहापैकीं पांचव्या फेरींत आगोस्तिनीची साखळी तुटली आणि जय हेलवुडकडे गेला. त्यानंतर होंडानें या शर्यतींतून अंग काढलें व हेलवुड मोटारींच्या शर्यतींकडे वळला.

आतां १९७२ चा जून. आगोस्तिनीचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती १२५ सी. सी. वर्गांत जगज्जेतेपदाच्या गुणांत सर्वांच्या पुढें होता. मॅन बेटावर तो प्रथमच आलेला. पाऊस पडत होता, डोंगरावर धुकें उतरलें होतें. तरी शर्यत झालीच. पार्लोत्ती आघाडीवर असतांना दुसऱ्या फेरींत डोंगरावरील वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. त्याच दिवशीं आगोस्तिनी ‘सीनियर’ शर्यतींत उतरला व पहिला आला. बेटावरील त्याचा तो दहावा विजय. त्यानंतर तो तेथें पुन्हा कधीं धांवला नाहीं.

त्याचें म्हणणें नीट समजून घेतलें पाहिजे. ही शर्यतच बंद करा, असा त्याचा आग्रह नव्हता. ज्यास जावयाचें त्यानें खुशाल जावें. परंतु जगज्जेतेपदाचे गुण तेथें ठेवून इतरांस जावयास भाग पाडूं नये, एवढेंच तो म्हणे. ज्यानें दहा वेळां तो डोंगर जिंकला त्याच्या नकारास भित्रेपणा म्हणणें आम्हांस शोभत नाहीं. आमच्या मतें त्या दहा विजयांहून हा नकारच अवघड होता. इतर नामांकित स्वारही हळूहळू दूर राहूं लागले, आणि १९७६ नंतर त्या शर्यतीचा जगज्जेतेपदाशीं असलेला संबंध तोडण्यांत आला. १९७७ पासून ब्रिटनची मुख्य शर्यत सिल्व्हरस्टोन येथें होऊं लागली.

आणि मग, सक्ती उरली नसतांना, हेलवुड परत आला! सन १९७८; वय ३८; १९७४ सालीं जर्मनींतील मोटारीच्या अपघातांत पाय दुखावलेला; बेटावरून जाऊन अकरा वर्षें झालेलीं. गाडी दोन सिलिंडरची डुकाटी. फिल रीड त्याच्या आधीं सुटला होता. हेलवुडनें त्यास रस्त्यांतच गांठलें, पुढें रीडचें यंत्र बिघडलें, आणि हेलवुड ताशीं १०८.५१ मैलांच्या सरासरीनें जिंकला. म्हणजे तरुणपणीं एका फेरींत गांठलेला वेग, त्याच्याशीं जवळजवळ बरोबरी त्यानें प्रौढपणीं सहाही फेऱ्यांच्या सरासरींत केली. पुढल्या वर्षीं सुझुकीवर ‘सीनियर’ शर्यत जिंकून, बेटावरील चौदावा विजय पदरीं घालून, तो तेथून कायमचा निघाला.

एकानें न जाण्याचें ठरविलें, दुसऱ्यानें जाण्याचें. दोघांसही कोणी ढकललें नव्हतें. प्रेक्षकांनीं मात्र बहुधा परतणाऱ्यासच डोक्यावर घेतलें, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें.

मॅन बेटानें हेलवुडचा प्राण घेतला नाहीं. १९८१ च्या मार्च महिन्यांत तो आपल्या दोन मुलांस घेऊन घरापासून जवळच मोटारींतून खाण्याचे पदार्थ आणावयास निघाला असतां, रस्त्यांत आडवा वळणाऱ्या एका मालमोटारीवर त्याची गाडी आदळली. त्यांत तो व त्याची लहान मुलगी दगावलीं, मुलगा वांचला.